चिउरी गावाची ‘चुरी’: विदर्भातल्या मराठी दैनिकांच्या मालक-संपादकांना खुलं पत्र

प्रति,
नागपूर-विदर्भातून निघणाऱ्या मराठी दैनिकांचे मालक, संचालक आणि संपादक महोदय,

सविनय नमस्कार.

यंदाच्या ६ जानेवारीला, पत्रकार दिनी, तुमच्यापैकी एका दैनिकाने माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, काचेचं स्मृतिचिन्ह. सूत्रसंचालकांनी माझी ओळख ‘सातासमुद्रापार बातमीदारी करणारी विदर्भकन्या’ अशी करून दिली. मी काम केलं ते नेपाळात आणि बांगलादेशात. वाटेत एकही समुद्र लागत नाही, पण सत्काराच्या वेळी कुणी चुका काढत नाही, मीही काढली नाही.

बाळशास्त्री जांभेकरांच्या तसबिरीला घातलेला हार ताजा होता तोवरच, त्याच माइकवरून एका संचालकांनी घोषणा केली. १ फेब्रुवारीपासून ‘देश-विदेश’चं पान सॉफ्टवेअर करणार. एजन्सीची, म्हणजे वृत्तसंस्थेची, इंग्रजी कॉपी इकडून टाकायची, तिकडून चार मिनिटांत मराठी पान तयार. देशाबाहेरच्या प्रतिनिधींचं मानधन त्या दिवसापासून बंद. टाळ्या पडल्या. नारळ मांडीवर होता म्हणून माझे हात मोकळे होते, मीही वाजवल्या. नंतर चिवड्याच्या टेबलापाशी एक उपसंपादक म्हणाले, “मॅडम, तुम्ही काहून टेन्शन घेऊन राहिल्या? तुमचं तर नाव झालं ना आता.”

महिनाभर मी गप्प बसले. त्याआधी तीन खासगी पत्रं पाठवून झाली होती, एकाचंही उत्तर आलं नाही. म्हणून हे चौथं पत्र उघड लिहिते आहे. दैनिकाचं नाव लिहीत नाही. हा एका वृत्तपत्र-घराचा प्रश्न नाही. बाकीच्यांनी हे काम त्यांच्याही आधी, घोषणा न करता उरकलं आहे, एवढाच फरक.

मी नागपूरच्या महाल भागातली. आजोबा आर.एम.एस.मध्ये, म्हणजे रेल्वे टपालसेवेत, टपाल वर्गीकरणाला होते. १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही दिशांनी निघालेली विमानं मध्यरात्री आपल्या सोनेगावच्या धावपट्टीवर उतरायची, पिशव्यांची अदलाबदल व्हायची आणि उजाडायच्या आत विमानं आपापल्या गावी परत. सगळ्या देशाची पत्रं रात्री नागपुरात कूस बदलायची. आजोबा सांगायचे, की पिशवीवरच्या गावाच्या नावात एक अक्षर चुकलं तर पत्र मद्रासऐवजी कलकत्त्याला. म्हणून आमच्या घरात गावाचं नाव चुकीचं लिहिणं हे खोटं बोलण्याच्या खालोखालचं पाप होतं.

२०१३ ते २०१९ मी काठमांडूत राहिले. नंतर आईचं दुखणं निघालं म्हणून परत आले आणि इथून ये-जा करत लिहीत राहिले, कधी नेपाळ, कधी ढाका. तुमच्याकडे मी नोकरीला कधीच नव्हते. मी स्ट्रिंगर. ज्यांना हा शब्द ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: जेवढं छापून येईल तेवढं पट्टीने मोजायचं आणि कॉलम-सेंटिमीटरच्या हिशेबाने पैसे. जे लिहिलं पण छापलं नाही, त्याचे शून्य. जिथे गेले पण बातमी निघाली नाही, त्याचेही शून्य. काठमांडूचं घरभाडं बातम्यांतून एकदाही निघालं नाही. ते मी एका शाळेत शिकवून काढलं. याची तक्रार नाही. अटी माहीत असून गेले होते. तक्रारी आहेत त्या वेगळ्या.

पहिली तक्रार नावांची, आणि तिच्यावर मी जरा जास्त वेळ थांबणार आहे.

३ नोव्हेंबर २०२३, शुक्रवार. मध्यरात्रीच्या सुमारास पश्चिम नेपाळात जाजरकोट जिल्ह्यात भूकंप झाला. दीडशेहून अधिक माणसं गेली. मी तेव्हा इथेच, महालात, आईच्या उशाशी. रविवारी सकाळी फाटक वाजलं. आमच्या गल्लीत रात्री शिट्टी आणि काठी वाजवत फिरणारा गुरखा दारात उभा. त्याला मी दाजू म्हणते, नेपाळीत थोरला भाऊ. (शेजारच्या काकूंना ते ‘दाजी’ ऐकू येतं आणि त्या गालात हसतात.) त्याच्या हातात मराठी पेपर होता, घडी घालून घालून मऊ झालेला. फोन साधा, बटणांचा. गावाकडचे सगळे नंबर बंद लागत होते. त्याची सासुरवाडी चिउरी नावाच्या गावात, नलगाड नगरपालिकेत. तो मराठी शिकलेला नाही, पण नेपाळी देवनागरीतच लिहितात, त्यामुळे बोट ठेवून ठेवून तो तुमचा पेपर वाचू शकतो. पहाटे चौकातल्या स्टॉलवर त्याने चार पेपर चाळले होते आणि एक विकत घेतला होता.

“दिदी, यात चिउरी नाही ना?” त्याने विचारलं.

मी वाचलं. बातमीत होतं: ‘नालगढमधील चुरी गावात सर्वाधिक हानी.’

तेच गाव होतं. काठमांडूच्या पेपरात ते ‘चिउरी’ म्हणूनच छापलं होतं. तिथून कुणीतरी ते रोमन लिपीत लिहिलं, एजन्सीने जगभर पाठवलं आणि तुमच्या डेस्कने रोमनवरून परत देवनागरीत आणताना त्याची चुरी केली. नलगाडचा नालगढ झाला. ज्या लिपीतून नाव निघालं त्याच लिपीत ते परत आलं आणि येताना वाटेत हातपाय मोडून आलं. दाजूने त्या ओळीवरून दोनदा बोट फिरवलं होतं आणि आपलं गाव वाचलं असं समजून तो घरी जाऊन अंघोळ करून आला होता. त्याला खरं काय ते मला सांगावं लागलं, तुमच्या फाटलेल्या घडीवर बोट ठेवून. मेव्हण्याचा फोन लागला तो चौथ्या दिवशी.

ही मुद्रणदोषाची गोष्ट नव्हे. नागपुरातल्या आठवीतल्या पोराला काठमांडूच्या दुकानाची पाटी वाचता येते. जगात मराठी माणसाला लिपी न शिकता वाचता येईल असा परका देश जवळपास हा एकच, आणि त्याच देशाची नावं आपण इंग्रजीच्या मार्गे आणतो. २०२५च्या सप्टेंबरात तिथली तरुण पोरं सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरली तेव्हाही हेच. पंतप्रधानांचं निवासस्थान असलेल्या बालुवाटारचं ‘बलुवतार’, सरकारचं मुख्यालय असलेल्या सिंहदरबारचं ‘सिंघा दरबार’. आपल्याला ‘सिंह’ लिहिता येत नाही होय? ८ सप्टेंबरला ज्या माइतीघर चौकातून ती पोरं संसद भवनाकडे निघाली, त्या चौकाचं नाव तुमच्यापैकी तिघांकडे ‘मैतीघर’ आलं. एकाकडे तर ‘मैत्रीघर’. माइती म्हणजे माहेर. माइतीघर म्हणजे बाईचं माहेरघर. पोरं माहेरघरातून निघाली आणि संसदेच्या दारात त्यांच्यावर गोळ्या चालल्या, पहिल्याच दिवशी १९ जण गेले. हे मराठी वाचकाला सांगायला एक ओळ पुरली असती, आणि ती ओळ कुठल्याच एजन्सीच्या इंग्रजीत नव्हती.

भाषांतराला मी कमी लेखत नाही. पहिलं मराठी वृत्तपत्र ‘दर्पण’ १८३२ साली निघालं तेच मराठी आणि इंग्रजी अशा जोडीने. भाषांतर मराठी पत्रकारितेच्या बारशापासून तिच्यासोबत आहे. यंत्राशीही माझं वैर नाही. मुलाखतींची रेकॉर्डिंग लिहून काढायला मी तेच वापरते. पण चुरी की चिउरी हे विचारायला कुणाला तरी फोन करावा लागतो, आणि फोन करणारा माणूस तुम्ही काढून टाकलात.

दुसरी तक्रार डेटलाइनची. बातमीच्या सुरुवातीला गावाचं नाव छापतात ते शोभेसाठी नसतं. ‘काठमांडू :’ असं लिहिलं की वाचकाला वचन दिलं, की हे लिहिणारा माणूस तिथे होता. ९ सप्टेंबर २०२५ला काठमांडूचा विमानतळ बंद झाला, सिंहदरबार पेटला, पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला, कांतिपूर वृत्तसमूहाची इमारत जाळली गेली. त्या दिवशी मी नागपुरात होते आणि माझे चारही जुने सहकारी तिथे फोनवर धापा टाकत बोलत होते. दुसऱ्या दिवशी इथल्या पेपरांत ‘खास प्रतिनिधीकडून, काठमांडू’ अशा दोन बातम्या होत्या. त्यातली एक वर्धा रोडवरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर लिहिली गेली, हे मला ठाऊक आहे, लिहिणाऱ्या मुलाने रात्री अकराला मलाच फोन करून विचारलं होतं, “मॅडम, हे थापाथली म्हणजे गाव आहे का बिल्डिंग?” (थापाथली हा काठमांडूतलाच एक भाग.) मुलगा चांगला आहे. त्याच्या नावाने मी कधीच बोलणार नाही. पण त्याला ‘खास प्रतिनिधी’ कुणी केलं?

त्या चार दिवसांत तुमच्याच कचेऱ्यांतून मला अकरा फोन आले. ‘दोन ओळी व्हॉट्सअ‍ॅप करा ना’, ‘एखादा व्हिडिओ असेल तर’. पशुपतिनाथाला गेलेल्या यात्रेकरूंच्या घरच्यांचेही फोन आले आणि त्यांना मी रात्री दोनपर्यंत उत्तरं दिली, कारण ती माणसं घाबरलेली होती. कचेऱ्यांनाही दिली. पैसे मागितले नाहीत. आता वाटतं, मागायला हवे होते. फुकट मिळणाऱ्या गोष्टीचं मानधन बंद करायला कुणाचा हात थरथरत नाही.

तिसरी तक्रार जुनी आहे आणि ती लिहिताना मला अजून राग येतो, तेव्हा शब्द जपून वापरते.

भारतीयाला नेपाळात जायला व्हिसा लागत नाही, पण पत्रकार म्हणून काम करायचं तर तिथल्या सूचना विभागाचं ओळखपत्र लागतं आणि त्यासाठी वृत्तपत्राचं पत्र. ते पत्र यायला सात महिने लागले. आलं ते मराठीत. तिथल्या कारकुनाने ते चष्म्यावरून वाचलं, ‘प्रतिनिधी’, ‘नियुक्ती’, ‘कृपया’, आणि “बुझें, बुझें” म्हणत शिक्का मारला. कळलं, कळलं. लिपीची कृपा. इंग्रजीत असतं तर त्याने कदाचित अजून दोन कागद मागितले असते. या एका आळसाबद्दल मी तुमची ऋणी आहे.

२५ एप्रिल २०१५ला भूकंप झाला तेव्हा शनिवार होता, नेपाळात सुट्टीचा वार. शाळा बंद होत्या, नाहीतर काय झालं असतं याचा विचार तिथे अजून कुणी करत नाही. तीव्रता ७.८, जवळपास नऊ हजार बळी. दुसऱ्या दिवशी मी काठमांडूजवळच्या साँखु गावात गेले. तिथली म्हातारी माणसं नेवारी बोलतात. माझी नेपाळी बरी होती, नेवारी शून्य. सोबत एक कॉलेजातली मुलगी होती, नेवार घरातली, दुभाषी म्हणून. ढिगाऱ्यावर एक आजी बसली होती आणि हाताने विटा बाजूला करत होती. शेजारी दोन टीव्हीवाले कॅमेरा लावून “कसं वाटतंय, कसं वाटतंय” म्हणत होते. आजी त्यांच्याकडे बघतही नव्हती. माझ्या दुभाषी मुलीने काहीच विचारलं नाही, ती आजीशेजारी बसली आणि विटा उचलू लागली. दहा मिनिटांनी आजी बोलली. ती माणूस शोधत नव्हती. माणसं आदल्या दिवशीच बाहेर काढून झाली होती. ती भाताचं भांडं शोधत होती, कारण बाहेर काढलेल्यांपैकी एक नातू जिवंत होता आणि त्याला भूक लागली होती.

तो प्रश्न विचारणारी मंडळी आठवडाभरात इतकी वाढली, की मेच्या सुरुवातीला ‘भारतीय माध्यमांनो, घरी जा’ ही हाक नेपाळी लोकांनी ट्विटरवर जगभर पोहोचवली. शिव्या त्यांनी खाल्ल्या आणि मीही खाल्ल्या. विमानातून उतरून तीन दिवसांत परत जाणारा बातमीदार आणि तिथे भाजी घेणारा बातमीदार यांतला फरक दुकानदाराला माहीत असतो, गर्दीला नसतो.

१२ मेला पुन्हा ७.३चा धक्का बसला. आम्ही दोलखा जिल्ह्यात चरिकोटला होतो. धावताना ती मुलगी पडली आणि तिचं मनगट मोडलं. प्लास्टरचा खर्च मी केला. तिचे बारा दिवसांचे १८,००० नेपाळी रुपये, म्हणजे आपले ११,२५०, यांचं बिल मी नागपूरला पाठवलं. उत्तर आलं, ‘दुभाष्याची तरतूद नाही’. विम्याबद्दल विचारलं तर एका गृहस्थांनी मला आईच्या एलआयसीची चौकशी करायला सांगितली. त्यांना खरंच वाटलं होतं की मी तेच विचारते आहे.

१६ जुलै २०२१ला अफगाणिस्तानात कंदाहार प्रांतातल्या स्पिन बोल्डकला भारतीय छायाचित्र-पत्रकार दानिश सिद्दीकी मारले गेले. रॉयटर्ससारखी संस्था पाठीशी असताना. आपल्याकडे तर पाठीशी कोऱ्या लेटरहेडचा कागदही नसतो.

चौथी तक्रार थोडक्यात. २० सप्टेंबर २०१५ला नेपाळचं नवं संविधान आलं आणि पाठोपाठ भारत-नेपाळ सीमेवर रक्सौल-वीरगंजच्या नाक्यावर ट्रक अडले, ते पुढच्या फेब्रुवारीपर्यंत. दिल्ली म्हणे हे नेपाळच्या तराईतल्या मधेशी आंदोलकांचं काम, काठमांडू म्हणे ही भारताची अघोषित नाकेबंदी. दोन्ही बाजू लिहिणं हे माझं काम होतं. माझी घरमालकीण अंगणात लाकडं पेटवून भात शिजवायची आणि मला विचारायची, “तुमच्याकडचा गॅस कधी येणार?” औषधांच्या दुकानांत मी तासन् तास उभी राहून तीन बातम्या पाठवल्या. एकही लागली नाही. त्या जागी दिल्लीहून आलेलं अधिकाऱ्यांचं म्हणणं लागलं. संपादकांचा तो अधिकार आहे, मान्य. मग ‘आमच्या काठमांडू प्रतिनिधीकडून’ ही ओळ तरी त्यावर लावायची नव्हती. ती वाचून घरमालकीणबाईंच्या मुलाने आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. पुन्हा तेच: त्याला मराठी पेपर वाचता येत होता.

आता तुमचं नेहमीचं उत्तर. ‘मॅडम, वाचकाला परदेशात इंटरेस्ट नाही.’

२०२२च्या डिसेंबरात मी ढाक्याला बदामतोलीत गेले होते. बुढीगंगेच्या काठावरचा फळांचा घाऊक बाजार. पहाटे पाचला धुक्यात हमालांची पळापळ. एका आडतीत निळ्या क्रेट रचलेल्या होत्या आणि त्यांवर वरुडच्या व्यापाऱ्याचं स्टिकर. आपला संत्रा. एवढ्या लांब आपल्या तालुक्याचं नाव दिसलं की काय होतं ते सांगता येत नाही. मी मूर्खासारखा त्या क्रेटवर हात फिरवला. आडत्याने एक संत्रं सोललं, दोन फोडी मला दिल्या, दोन स्वतः खाल्ल्या आणि उरलेलं कागदात गुंडाळून खिशात ठेवलं. आडत्याने फळ खिशात ठेवावं! म्हणाला, आयात शुल्क दरवर्षी चढतंय, गिऱ्हाईक आता किलोने घेत नाही, दोन नग घेतं, आजारी माणसासाठी. पुढच्या वर्षी मी माल अर्धा करणार.

ही बातमी मी त्याच रात्री पाठवली. आठव्या दिवशी ती अकराव्या पानावर, तळाला, एका कॉलमात आली. मधल्या आठवड्यात पानावर कुठल्यातरी परदेशी नटीचं लग्न होतं. बांगलादेशचं हे शुल्क २०१९ साली किलोमागे २० रुपयांच्या आसपास होतं, २०२३मध्ये ते ८८वर गेलं. संत्र्याच्या आंबिया बहाराचे भाव पडले, तेव्हा तुमच्या पहिल्या पानावर आठ कॉलमी मथळे आले. मोर्शी, वरुड, काटोल, नरखेडच्या बागायतदाराला ती बातमी अकरा महिने आधी हवी होती, झाडावर फळ असताना. त्याला परदेशात इंटरेस्ट नाही? त्याचं अख्खं वर्ष बांगलादेश सीमेवरच्या बेनापोलच्या नाक्यावर ठरतं.

कापसाचं तेच. १९ ऑगस्ट २०२५ला केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क तात्पुरतं उठवलं; २०२५च्या अखेरपर्यंत बाहेरच्या कापसाला दार उघडलं. यवतमाळच्या शेतकऱ्याला ब्राझीलमध्ये यंदा कापूस किती पिकला हे कळायला हवं की नको? २०२२मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात महिनाभर रोखली तेव्हा इतवारीतला किराणा दुकानदार मला रस्त्यात थांबवून विचारायचा, “ताई, तिकडं काय चालू हाये बाप्पा?” त्याच्या लेखी नेपाळ, इंडोनेशिया, सगळं ‘तिकडं’. पण त्याला विचारायचं होतं. २४ फेब्रुवारी २०२२नंतर युक्रेनमध्ये अडकलेल्या पोरांचे आईबाप मला फोन करत होते, मी कधी युरोपात पाऊल ठेवलेलं नसताना, निव्वळ ‘तुम्ही बाहेरदेशी असता ना’ म्हणून. ज्या वाचकाला इंटरेस्ट नाही असं तुम्ही म्हणता, तो माझा नंबर शोधून काढतो.

पैसे नाहीत, हे तुमचं दुसरं उत्तर. कागद महागला, जाहिराती मोबाइलवर गेल्या, हे मला समजतं. मीही याच धंद्यात म्हातारी होते आहे. म्हणून लंडन-न्यूयॉर्कला माणूस ठेवा असं मी म्हणत नाही. ज्याचा वर्षाचा खर्च तुमच्या एका वर्धापनदिनाच्या मांडवापेक्षा कमी आहे, तेवढंच मागते.

माझ्या मागण्या:

डेटलाइन खरी लिहा. जिथून लिहिलं त्या गावाचं नाव. नागपुरात बसून लिहिलं तर ‘नागपूर’ छापा, त्यात कमीपणा नाही. यंत्राने भाषांतर केलं असेल तर तसं बातमीखाली लिहा, रोज, वाचता येईल अशा टाइपात.

नेपाळची, आणि जिथे जिथे मूळ देवनागरी आहे तिथली, नावं मुळातून घ्या. काठमांडूचे पेपर इंटरनेटवर फुकट आहेत. डेस्कवरच्या एका माणसाला रोज वीस मिनिटं लागतील. या मागणीला एक पैसाही लागत नाही, तेव्हा निदान ही तरी ‘विचाराधीन’ ठेवू नका.

सगळ्यांनी मिळून दोन माणसं ठेवा, एक काठमांडूला, एक ढाक्याला. कॉपी सगळ्यांना सारखी, मथळे ज्याचे त्याला. विदर्भाच्या संत्र्याला पक्ष नसतो आणि दैनिकही नसतं. ती माणसं मी नको. माझी वेळ झाली. पत्रकारिता विभागात मी अधूनमधून शिकवायला जाते. तिथे निदान तीन मुली अशा आहेत, की उद्या सांगितलंत तर परवा बॅग भरतील. त्यांतली एक स्वतःच नेपाळी शिकते आहे, कुणाकडून ते ओळखा. आमच्या गल्लीत रात्री शिट्टी वाजते तेव्हा तिचा तास असतो.

जो जाईल त्याला जाण्याआधी नियुक्तिपत्र, अपघात आणि आरोग्य विमा, आणि दुभाष्याचा खर्च लेखी. बातमीत दुभाष्याचं नाव, त्याची हरकत नसेल तर. मानधन तीस दिवसांच्या आत.

आणि जुनी येणी. माझ्या स्वतःच्या पैशांवर मी कधीच पाणी सोडलं आहे. पण ज्या घराकडे हे बिल आहे त्यांना बिल कुठलं ते कळेल: एका मुलीचे ११,२५० रुपये, २०१५पासून. ती आता काठमांडूत एका शाळेत शिकवते आणि थंडीत तिचं मनगट दुखतं.

३१ मार्चपर्यंत उत्तर आलं तर ते मी याच जागी, शब्द न बदलता, प्रसिद्ध करीन. चर्चेला बोलावलंत तर येईन. शाल आणू नका, घरी दोन आहेत. सोबत त्या बिलाची झेरॉक्स जोडते आहे. तिसऱ्यांदा.

कळावे,
एक माजी काठमांडू प्रतिनिधी
महाल, नागपूर